किल्ला मातीचा, धडा १८१८ चा

त्र्यंबकेश्वरच्या मुलांना दिवाळीचा किल्ला करताना नमुना शोधायला लांब जावे लागत नाही. मान वर केली की ब्रह्मगिरी, म्हणजेच त्र्यंबकचा किल्ला, समोर उभा असतो. सरळ तुटलेला कातळकडा, वर सपाट माथा, आणि कड्याच्या पोटात खोदलेल्या पायऱ्या. अंगणात विटा-दगडांचा ढीग रचायचा, त्यावर ओले पोते पसरायचे, पोत्यावर चिखल लिंपायचा. चार दिवस आधी हळीव पेरले की पाडव्यापर्यंत डोंगर हिरवा होतो. पायथ्याला आरशाच्या तुकड्याचे तळे, दरवाजाला गेरू, वाटेवर मातीचे मावळे आणि सगळ्यांत उंच जागी सिंहासनावर शिवाजी महाराज.

महाराष्ट्रात इतिहास शिकवणारा एवढा मोठा उपक्रम दुसरा नाही, आणि तो कुठल्याही शाळेने सुरू केलेला नाही. दरवाजा वळणाआड का ठेवायचा, पाण्याचे टाके कुठे खोदायचे, चोरवाट कोणत्या बाजूने काढायची, हे सगळे मूल हाताने शिकते. मात्र या किल्ल्यातला काळ सतराव्या शतकातच थांबलेला असतो. डोक्यावरच्या खऱ्या किल्ल्याचा काळ पुढे गेला. यादवांचा अंमल त्याने पाहिला, निजामशाही पाहिली. शहाजीराजांच्या हातून १६३६ च्या तहानंतर तो मोगलांकडे गेला. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला. पुढे तो पुन्हा मोगलांकडे गेला आणि मग पेशवाईत आला. त्याची शेवटची लढाई १८१८ साली इंग्रजांशी झाली. या शेवटच्या लढाईचे मावळे अंगणातल्या किल्ल्यावर कधी उभे राहत नाहीत, आणि पाठ्यपुस्तकातही ती सापडत नाही.

इंग्रज इथे आले कसे, हा प्रश्न मुलाने विचारला तर त्याला काय सांगायचे? गेली जवळजवळ दोनशे वर्षे मराठी शाळा या प्रश्नाचे उत्तर देत आली आहे. दर पिढीला उत्तर बदलले. त्या बदलाचा इतिहास त्र्यंबकच्या कड्याला लावून पाहिला की प्रत्येक उत्तरातून कोण सुटले तेही कळते.

पेशवाईतल्या पंतोजींच्या शाळेत इतिहास हा विषय नव्हता. धुळाक्षरे, मोडीचे वळण, पाढे, पावकी-निमकी, हिशेब, पत्राचे मायने एवढे आले की मुलगा कारकुनीला तयार झाला. जुन्या काळच्या गोष्टी त्याच्या कानावर पडत त्या कीर्तनातून, शाहिरांच्या डफावरून आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून. शाळेत बसून, पुस्तक उघडून, परीक्षेसाठी इतिहास वाचायचा ही पद्धत कंपनी सरकारच्या राज्यात आली.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना १८२२ मध्ये ‘बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी’ स्थापन झाली आणि मराठी-गुजराती शाळापुस्तके छापून निघू लागली. साताऱ्याला कंपनीचा अधिकारी म्हणून राहिलेल्या जेम्स ग्रँट डफ याने मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास १८२६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला. लगेच १८२९-३० च्या सुमारास कॅप्टन डेव्हिड केपन आणि बाबा साने यांनी तो मराठीत आणला. ‘मराठ्यांची बखर’ या नावाने हे पुस्तक मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. ज्यांचे राज्य नुकतेच गेले होते त्यांच्या मुलांनी आपल्या राज्याची गोष्ट ज्यांनी ते घेतले त्यांच्या अधिकाऱ्याच्या शब्दांत पाठ केली. डफने कष्टाने कागद गोळा केले होते, साताऱ्याच्या दफ्तरातली माणसे त्याला जवळून ठाऊक होती, आणि हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण कंपनीचे राज्य येणे हे त्याच्या कथेचे स्वाभाविक टोक होते. वाचणाऱ्या मुलालाही ते तसेच वाटावे अशी त्या कथेची मांडणी होती.

बाळशास्त्री जांभेकरांनी याच काळात मुलांसाठी इंग्लंडची बखर लिहिली आणि पुढे हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याचा इतिहासही मराठीत आणला. ‘दर्पण’ काढणारा हा माणूस शिक्षक होता. राज्यकर्ते कोण आहेत, कुठून आले, त्यांच्या देशात राजाच्या सत्तेला मर्यादा कशा पडल्या, हे मुलांना कळले पाहिजे अशी त्यांची धारणा होती.

डफच्या बखरीला पहिले ठणकावून उत्तर दिले ते नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी, साधारण १८६८ मध्ये. तेव्हा ते विद्यार्थिदशेत होते. शाळेत जे पुस्तक प्रमाण मानून वाचले त्याच पुस्तकातल्या चुका या तरुणाने पुराव्यानिशी दाखवल्या आणि मराठी कागदपत्रे नीट तपासण्याची मागणी केली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत इतिहासावर लिहिले ते यानंतर. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. मधल्या काळात विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक सुरू केले आणि अखेरपर्यंत ते नेटाने चालवले. ज्या घरात दुसरे पुस्तक नव्हते तिथेही ‘बालबोध’मधून थोरांची चरित्रे आणि देशोदेशीच्या गोष्टी पोचल्या.

नाशिकात मात्र विसाव्या शतकाच्या तोंडावर मुलांनी पुस्तक बाजूला ठेवून पोवाडा हाती घेतला. मित्रमेळा या तरुणांच्या मंडळातल्या पोरांनी गणेशोत्सवात, शिवजयंतीला इतिहास गाऊन दाखवला. कवी गोविंदांची पदे गल्लीबोळांत पाठ झाली. ही गाणी सरकारला इतकी झोंबली की ती छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मुलांच्या तोंडी असलेल्या इतिहासाची किंमत सरकारने किती ओळखली होती, हे या शिक्षेवरून दिसते.

बखरीतल्या मुलाने इंग्रजांचा विजय वाचला. पोवाड्यातल्या मुलाने शिवाजी-बाजीप्रभूंचा पराक्रम गायला. स्वातंत्र्यानंतर, १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीच्या पुस्तकांतून मूल चौथीला शिवछत्रपती शिकले आणि आठवीला इंग्रजी सत्तेचा उदय. या पुस्तकांत खडकीची लढाई येते, शनिवारवाड्यावर लागलेले निशाण येते, दुसरा बाजीराव येतो, आणि धडा पुढे कायदे-सुधारणांकडे वळतो. राज्य पुण्यात गेले असे मुलाच्या मनात ठसते. ते प्रत्यक्षात तालुक्या-तालुक्यात, किल्ल्या-किल्ल्यावर गेले होते.

नाशिकच्या डोंगरातली १८१८ ची मोहीम त्यामुळेच मुलांसमोर ठेवायला हवी. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ला झाली, पुणे पडले, बाजीराव पळत सुटला. ११ फेब्रुवारी १८१८ ला एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. बाजीरावाचे राज्य संपले, पण वतने, इनामे, देवस्थानांची उत्पन्ने चालू राहतील, असे त्यात आश्वासन होते. ज्योतिर्लिंगाच्या गावात, जिथे तीर्थोपाध्यांची सारी गुजराण देवस्थानावर आणि यात्रेकरूंवर होती, तिथे हे आश्वासन तोफेइतकेच परिणामकारक होते. लढून काय मिळवायचे आणि न लढता काय वाचवायचे, याचा हिशेब त्या वसंतात घरोघर झाला असणार.

एप्रिलमध्ये लेफ्टनंट कर्नल मॅक्डॉवेलची फौज चांदवडकडचे किल्ले घेत नाशिकमार्गे त्र्यंबकला आली. किल्ला बेलाग होता. पायथ्याचा घेर कित्येक मैलांचा, कडे दोन-तीनशे फुटांचे. उत्तरेच्या दरवाजाकडे जाणारी वाट कातळात खोदलेली आणि इतकी अरुंद, की एका वेळी एकाच माणसाने चढावे. पुरेशी रसद आणि खंबीर शिबंदी असती तर हा किल्ला महिनोन्‌महिने झुंजला असता. इंग्रजांनी उत्तर दरवाजाच्या रोखाने तोफा लावल्या, आणि एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात थोड्याच दिवसांत शिबंदीने किल्ला खाली केला. ही बातमी पसरताच आजूबाजूचे किल्ले भराभर रिकामे होऊ लागले. त्याच फौजेला पुढे मालेगावच्या भुईकोटात अरब शिबंदीने जवळजवळ महिनाभर रोखले आणि पुष्कळ माणसे गमवायला लावली.

बेलाग डोंगरी किल्ला थोड्या दिवसांत पडतो आणि सपाटीवरचा भुईकोट महिनाभर टिकतो, याचे कारण काय? आठवीच्या वर्गात हा एक प्रश्न टाकला तर तासभर मुले बोलत राहतील. तटाची उंची, तोफांचा पल्ला, पाणी, धान्य, थकलेला पगार, मालकच पळून गेलेला असताना कोणासाठी लढायचे हा पेच, सगळे त्यात येते. पाठांतराने जे कधी कळत नाही ते या तुलनेने कळते: किल्ला माणसांच्या जोरावर टिकतो आणि माणसे विश्वासावर.

त्र्यंबक तालुक्यातला हरिहर उर्फ हर्षगड आज समाजमाध्यमांमुळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला आहे. शिडीसारख्या उभ्या चढाच्या त्या कातळपायऱ्या १८१८ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज चढून गेला होता, आणि त्यांचा उभेपणा पाहून तो चकित झाल्याची नोंद आहे. नाशिक जिल्ह्यातल्या पुष्कळ किल्ल्यांच्या पायऱ्या आणि दरवाजे इंग्रजांनी त्यानंतर सुरुंगाने उडवले, पुन्हा कोणी वर जाऊन ठाण मांडू नये म्हणून. हरिहरच्या पायऱ्या आजही शाबूत आहेत. ब्रह्मगिरीला लागून असलेल्या दुर्गभांडारकडे जाणारा कातळात खोल कोरलेला जिनाही तसाच आहे, मात्र त्याच्या तोंडचा दरवाजा मातीदगडांनी इतका बुजला आहे, की आत शिरायला पोटावर सरपटावे लागते. शाबूत पायरी, तुटलेली पायरी आणि बुजलेला दरवाजा ही तीन प्रकारची पाने एकाच तालुक्यात वाचायला मिळतात. सहलीला नेलेल्या मुलांना शिक्षकाने प्रत्येक ठिकाणी एवढेच विचारावे: ही कोणी केली, ही कोणी मोडली, आणि का?

मुलांना माणसाची गोष्ट लागते, आणि या भूमीत ती आहे. संगमनेरजवळच्या निमगाव जाळीचे त्रिंबकजी डेंगळे बाजीरावाचे कारभारी होते. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला, त्याचा ठपका त्रिंबकजींवर आला आणि इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा नेमला होता, देशी शिपाई फितूर होतील या भीतीने. पण गोऱ्यांना मराठी कळत नव्हते. एका साहेबाचा मराठा मोतद्दार खिडकीखाली घोडा चोळता चोळता गाणे म्हणे, आणि त्या गाण्यातून पळून जाण्याची सारी योजना कैद्याला कळत गेली. १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटले आणि नाशिक-संगमनेरच्या डोंगरांत माणसे जमवत फिरले. १८१८ च्या जूनमध्ये निफाडकडच्या अहिरगावात ते पुन्हा पकडले गेले आणि काशीजवळच्या चुनार किल्ल्यात कैदेत पडले. बिशप हेबर १८२४ मध्ये तिथे त्यांना भेटला आणि सुटकेची ही हकीगत त्याने आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेवली.

ही गोष्ट वर्गात उभी करायला मंच लागत नाही. एक खिडकी, एक मोतद्दार, दोन पहारेकरी, एक कैदी. निरोप मुलांनीच रचायचा, आपल्या बोलीत, पहारेकऱ्याला कळणार नाही असा. मग प्रश्न विचारायचा की त्रिंबकजी दोषी होते का. इंग्रजांचे कागद एक सांगतात, बाजीरावाची बाजू दुसरे. पुरावा तोलणे म्हणजे काय हे बारा वर्षांच्या मुलाला याहून सोप्या वाटेने कळणार नाही.

तरीही या साऱ्या कथनात एक मोठी जागा रिकामी राहते. त्र्यंबकच्या डोंगरातले महादेव कोळी, ठाकर, भिल्ल, वारली कुठे होते? किल्ल्यांच्या मेटांवर चौकी-पहारा करणारी, घाटवाटा राखणारी ही माणसे. किल्ले इंग्रजांकडे गेल्यावर शिबंदी मोडली, नाईकांचे हक्क आटले आणि सावकाराचा हिशेब वाढला. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे सावकारांविरुद्ध उठले आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. १८५७ च्या ४ ऑक्टोबरला सिन्नरकडच्या नांदूर शिंगोट्याला भागोजी नाईकांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत पोलीस अधिकारी हेन्री मारला गेला. आणि ५ डिसेंबर १८५७ च्या रात्री भिल्ल व ठाकरांनी त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी हरसूलचा बाजार लुटला गेला. पेठच्या भगवंतरावांना या उठावासाठी फाशी झाली.

आज हरसूल त्र्यंबकेश्वर तालुक्यात आहे. त्या परिसरातल्या आश्रमशाळांमध्ये ठाकर, कोळी, वारली कुटुंबांतली मुले शिकतात. १८५७ म्हणजे मीरत, दिल्ली, झाशी असे ती पाठ करतात, आणि आपल्या आठवडे बाजाराचे नाव त्याच वर्षाच्या कागदांत आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ‘आपला जिल्हा’ शिकवण्याची तरतूद महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात जुनी आहे. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार निघते. आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिलाच धडा इतिहासाच्या साधनांवर आहे आणि धड्याखाली ‘उपक्रम’ असतो. चौकट तयार आहे. त्या चौकटीत हरसूल आणि त्र्यंबकचा खजिना बसवणे हे शिक्षकाचे काम उरते.

जगात इतरत्रही हा प्रश्न असाच सोडवावा लागला. अमेरिकेत मुले शतकाहून अधिक काळ ‘मेफ्लॉवर’ जहाजाची चित्रे काढत, काळ्या टोप्या घालून १६२० च्या वसाहतीची नाटुकली करत आली. मॅसॅच्युसेट्समध्ये १९४७ साली त्या वसाहतीचे जिवंत संग्रहालय उभे राहिले. तिथे जुन्या पोशाखातली माणसे चुलीवर रांधताना आणि लाकडे फोडताना दिसतात. तिथल्या मूळ रहिवाशांची, वाम्पानोआग लोकांची, बाजू संग्रहालयात ठळकपणे यायला पुढे बराच काळ जावा लागला, आणि २०२० मध्ये त्यांच्या गावाचे नाव संग्रहालयाच्या नावात जोडले गेले. उपक्रम रंगतदार असला म्हणजे तो पुरा असतोच असे नाही, हे संग्रहालयाच्या लोकांना अनुभवाने कळले. आपल्या मातीच्या किल्ल्यालाही ही कसोटी लावावी. त्यावर मावळे आहेत, तर मेटावरचा कोळी पहारेकरीही बसवावा. पायथ्याशी गाव मांडावे, गावात देऊळ, बाजार आणि सावकाराची पेढी मांडावी. एखाद्या वर्षी किल्ला १८१८ चाच करावा, उत्तर दरवाजासमोर तोफा रचाव्यात, आणि पाहायला येणाऱ्या शेजाऱ्यांना मुलांनी सांगावे की शिबंदी का उतरली. शिवाजी महाराजांचे स्थान त्याने तसूभरही कमी होत नाही. त्यांनी उभारलेली व्यवस्था कशावर टिकली आणि कशामुळे ढासळली, हे त्यातून मुलांना समजते.

हे काम आता करण्याला निमित्तही आहे. मराठा लष्करी स्थापत्यातले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात २०२५ मध्ये नोंदले गेले. नाशिक जिल्ह्यातला साल्हेर त्यात आहे, त्र्यंबकचा किल्ला नाही. सिंहस्थाच्या तयारीत त्र्यंबकला रस्ते रुंद होतात, घाट बांधले जातात, कोट्यवधी भाविकांची व्यवस्था लागते. गोदावरीचा उगम पाहायला ब्रह्मगिरी चढणाऱ्या यात्रेकरूला आपण एका लढलेल्या आणि पडलेल्या किल्ल्याच्या दरवाजातून जातो आहोत, हे सांगणारे कोणी तरी हवे. शाळेतल्या मुलांइतके उत्साही वाटाडे या कामाला दुसरे मिळणार नाहीत.

साहित्य फार लागत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्याचा आहे. जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली तो १८८३ मध्ये निघाला. त्र्यंबकचा किल्ला, १८१८ ची मोहीम, १८५७ चा हल्ला, कोळ्यांची हकीगत, सगळे त्यात राज्यकर्त्यांच्या नजरेने लिहिलेले आहे. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये अजून चालू आहे. कुणा शिक्षकाने गॅझेटियरमधली त्र्यंबकची पाने सोप्या मराठीत उतरवून आठवी-नववीच्या मुलांपुढे ठेवावीत. शेजारच्या रकान्यात मुलांनी हरसूल, अंजनेरी, आंबोलीच्या घरांतून ऐकलेल्या आठवणी, पहाऱ्याच्या हक्कांच्या गोष्टी, डोंगरातल्या जागांची नावे लिहून आणावीत. दोन्ही रकाने जिथे जुळतात तिथे खूण करावी, आणि जिथे जुळत नाहीत तिथून पुढच्या तासाला सुरुवात करावी.